शंभराचे दीडशे

ऑफिसमधले झाडून सगळे जण भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळे मिटलेले, हात बांधलेले. साहेबसुद्धा. पाठीमागे मधल्या टेबलावर अक्षरबुवा एकटे कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि त्यांचा खर्जातला आवाज खोलीभर फिरत होता.

"कोणी वळायचं नाही, बाळांनो. अक्षर कूस बदलतंय. अशा वेळी त्याला माणसाची नजर सोसत नाही."

माझ्या शेजारी नळवाले उभे होते. इमारतींच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग काढण्यात या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून सगळे त्यांना नळवाले म्हणतात. कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत असा त्यांचा लौकिक, आणि इथे ते शाळेत शिक्षा झाल्यासारखे गप्प उभे होते. त्यांच्या पलीकडे माझी धाकटी बहीण. तिनं डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळावर आठ्या पडल्या होत्या. माझे डोळे अर्थातच उघडे होते, पण समोर भिंतीचा रंग सोडला तर बघण्यासारखं काही नव्हतं. एकदा हळूच मान वळवली तर बुवांची रुंद पाठ दिसली. स्क्रीन तिच्याआड.

"झालं," बुवा म्हणाले. "वळा आता."

सगळे वळले आणि टेबलाभोवती एकच गर्दी झाली. साहेबांनी स्वतः माउस हातात घेतला आणि एकेक शीट उघडून बघितली. भिंतीची जाडी शंभर मिलिमीटर होती तिथे दीडशे. पुढच्या शीटवर दीडशे. त्याच्या पुढे दीडशे. टेबलावरचा चहा अजून निवलासुद्धा नव्हता.

"गुरुजी, हे आम्हाला सबंध दिवस पुरलं असतं," साहेब म्हणाले. नळवाल्यांनी बुवांचा उजवा हात हातात घेऊन तो डोळ्यांना लावला. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

अक्षरबुवा हे नाव माझं. बाकी सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते आमच्याकडे लागले ते साधे ड्राफ्ट्समन म्हणून, आणि महिनाभरात गुरुजी झाले. का झाले ते कळायला आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं.

आम्ही इमारतींची ड्रॉइंग काढतो. प्रत्येक शीटच्या उजव्या कडेला नोट्सचा उभा रकाना असतो. भिंत किती जाडीची, दार कुठल्या बाजूला उघडायचं, गिलावा कसला, असं सगळं त्यात ओळीखाली ओळ लिहिलेलं असतं. गवंड्यापासून सुतारापर्यंत प्रत्येक जण तो रकाना वाचून काम करतो. चित्रात काही विचित्र दिसलं तर मिस्त्री फोन करून विचारतो. नोटमधला आकडा मात्र कुणी विचारत नाही, तो सरळ बांधला जातो.

त्या दिवशीचं काम होतं एका बालवाडीच्या इमारतीचं. आतल्या भिंती शंभरच्या दीडशे करायचं ठरलं होतं. सगळी शीट एकाच फाइलीत आणि नोट्स जागोजागी विखुरलेल्या. आमच्यापैकी कुणीही असतं तर एका नोटवर डबल क्लिक करायचं, आत शिरायचं, आकडा खोडायचा, नवा लिहायचा, बाहेर यायचं आणि पुढच्या नोटकडे जायचं, असं करत डोळे फोडून घेतले असते.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरमध्ये फाइंड-रिप्लेस असतं ना? असतं. पण 'आपल्याकडे ते चालत नाही' हे आमच्या ऑफिसात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन माणसाला पहिल्या दिवशी पिण्याचं पाणी कुठे आहे ते सांगतात आणि लगोलग हे सांगतात. प्रत्येकानं एकदा करून बघितलेलं होतं. 'भिंतीची जाडी १०० मिमी' असं लिहायचं, बटण दाबायचं आणि कॉम्प्युटर म्हणायचा, सापडले नाही. ते वाक्य डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असताना सापडले नाही. का सापडत नाही हे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

आणि या माणसानं आल्या आल्या सगळे आकडे एका दमात बदलून दाखवले. कीबोर्डवर एक राखी कापड पसरायचं, उजवा हात कापडाखाली घालायचा, डावा स्क्रीनसमोर धरायचा, आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचं.

"गुरुजी, कापड कशाला?" असं कुणीतरी विचारलं होतं.

"अक्षराची ऊब जाऊ नये म्हणून," बुवा म्हणाले. "तुम्ही लोक अक्षराला दोनदा टिचकी मारून उठवता. झोपलेल्या माणसाला असं उठवलं तर तो काय करेल? चिडेल. मी त्याला उठवत नाही. नुसता कुशीवर वळवतो."

शिकलेली माणसं, कोनमापकात अर्ध्या अंशाची चूक काढणारी, आणि या असल्या बोलण्यावर माना डोलवत होती.

मग ते वाढतच गेलं. प्रिंटर अडला की बुवांनी त्यावर हात ठेवायचा. नळवाल्यांचा खांदा धरला होता, बुवांनी त्यावर हात फिरवला आणि खांदा म्हणे सैल झाला. तो खांदा दरवर्षी पंधरवडाभर धरतो आणि आपोआप सुटतो हे मला माहीत होतं, त्यांच्या बायकोलाही माहीत होतं, फक्त त्यांनाच आठवेना. नवीन काम घ्यायचं की नाही हे साहेब बुवांना विचारायला लागले. बुवा डोळे मिटून सांगायचे, "ड्रॉइंग हसतंय, घ्या."

खरं सांगते, मी जळले. अगदी आतून, पोटात आग पडल्यासारखी जळले. मी या ऑफिसची चेकर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शीटवरचा शब्द न् शब्द मी वाचायचे, चुकांना लाल खुणा करायचे, आणि मग तपासणीच्या चौकटीत सही करायचे. इतकी वर्षं अडलं की सगळे माझ्या टेबलाशी यायचे. आता माझ्या टेबलाशी येऊन लोक विचारत होते, "गुरुजी कुठे दिसले का?"

पण ते सगळं मी गिळलं असतं. धाकटीचं गिळवेना.

तिला पहिली रेघ ओढायला मी शिकवली. आपलं स्टूल घेऊन ती माझ्या टेबलाशेजारी येऊन बसायची आणि "ताई, हे असं का?" विचारून विचारून डोकं पिकवायची. मी वैतागायचे, पण तिचं स्टूल आलं नाही तर दिवस सुना जायचा. आता ते स्टूल बुवांच्या शेजारी होतं.

घरीही तेच. आम्ही दोघी आणि आई जेवायला बसलो की हिची गुरुजींची टकळी सुरू.

"गुरुजी म्हणाले, माझ्या हातात अक्षर आहे," एका संध्याकाळी ती म्हणाली. "थोडी साधना केली तर मलाही जमेल म्हणाले."

"कसली साधना? कापड धुवायची?" मी म्हटलं.

"बघ आई, ही अशी बोलते."

आई म्हणाली, "तू कशाला तिच्या नादी लागतेस? आणि हो गं, त्या गुरुजींना माझ्या गुडघ्याचं विचार ना एकदा."

"विचारते," धाकटी म्हणाली.

मी ताटावरून उठले. आईचा गुडघा मी डॉक्टरांना दाखवत होते, रात्री तेल मी चोळत होते, आणि आता तोही त्यांच्या हाताखाली जाणार होता. अंथरुणावर पडल्यावर मला एक गोष्ट मात्र कळत होती. तुझ्या हातात काही आहे, असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. मी फक्त लाल खुणा केल्या होत्या.

बालवाडीची शीट बदलून झाली त्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गुरुजींचा हात फिरल्यावर वेगळं चेकिंग कशाला, असं माझ्या मनात येतंय," ते म्हणाले. "उगाच वेळ जातो. तुम्ही फक्त सही करत जा."

"न वाचता?"

"गुरुजी सांगतात, अक्षरं त्यांच्याशी खोटं बोलत नाहीत."

"माझ्याशीही बोलत नाहीत, पण मी वाचते," मी म्हटलं. "न वाचता सही होणार नाही माझ्याच्यानं."

साहेब भांडखोर नाहीत. "बरं," म्हणाले आणि त्यांनी धाकटीला हाक मारली. चौकटीत तिचं नाव छापायचं ठरलं. त्या चौकटीचा अर्थ एवढाच, की इमारतीत पुढे काही झालं तर पहिला फोन त्या सहीला जातो. धाकटीच्या ते ध्यानीमनी नव्हतं. तिचा चेहरा नुसता उजळला होता. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "ताई, रागावू नकोस हं."

"मी कशाला रागावू," असं म्हणून मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

बालवाडीची शीट छापून तिच्या टेबलावर आली. साइटवरचा माणूस ती न्यायला दुसऱ्या दिवशी यायचा होता. ऑफिस सुटल्यावर मी मागे थांबले आणि गठ्ठा पुढ्यात ओढला. कर्तव्यबिर्तव्य काही डोक्यात नव्हतं. मला बुवांची चूक हवी होती. भुकेलेल्या माणसानं डबे उघडून बघावेत तशी मी शीट उलटत होते.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या शीटवर ती सापडली. भिंतींच्या नोट्सच्या खाली कठड्याची नोट होती. 'कठड्याच्या उभ्या गजांमधलं अंतर १५० मिमीपेक्षा जास्त नसावं.' ही नोट मी आधीच्या फेरीत स्वतः वाचली होती. तिथे शंभर होते.

मी पट्टी घेऊन दीडशे मिलिमीटर दोन बोटांत धरून बघितले. शेजारणीची रांगती मुलगी डोळ्यांसमोर आली. शंभराच्या फटीत मूल अडतं. दीडशेच्या फटीतून ते कुशीवर होऊन पलीकडे सरकू शकतं, आणि पलीकडे पहिला मजला संपलेला असतो. मला आधी आनंद झाला, भीती नंतर वाटली. क्रम असाच होता. ते शीट बाजूला काढलं, पर्समध्ये घातलं आणि घरी गेले.

सकाळी सगळ्यांच्या देखत मी ते साहेबांच्या समोर पसरलं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बुवांकडे बघितलं.

बुवांनी शीटवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "भिंत जाड झाली की ड्रॉइंगला मोकळा श्वास हवासा वाटतो. कधी कधी गज आपणहून सैल होतात." साहेबांच्या कपाळावरची आठी हलली नाही हे त्यांनी किलकिल्या डोळ्यांनी टिपलं असावं, कारण पुढचं वाक्य वेगळं आलं. "पण हा आकडा माझ्या हातून वळलेला नाही. याच्यावर दुसऱ्या कुणाचीतरी छाया आहे. जवळच्याच माणसाची. द्वेषाची छाया आहे, बाळांनो."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"ताई," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "तू बदललास का?"

"मी?"

"काल सगळे गेल्यावर तूच बसली होतीस. तू जळतेस त्यांच्यावर. घरी दिसतं, दारी दिसतं, आईलासुद्धा कळतं."

हे तिनं चारचौघांत म्हटलं. कान तापले माझे. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण खरं होतं.

"हो, जळते," मी म्हटलं. "पण मी जळते म्हणून ते गज जवळ येणार आहेत का?"

जळणाऱ्या बाईच्या शब्दाला वजन नसतं, आणि नसावंही. तिथे उभ्या उभ्या मला एवढं कळलं, की मी कितीही घसा फोडला तरी काही सिद्ध होणार नाही. मी धाकटीला हाताला धरून प्रिंटरपाशी नेलं.

"माझा शब्द धरू नकोस," मी म्हटलं. "त्यांचाही धरू नकोस. तू स्वतः कर. या फाइलीची जुनी प्रत आहे ना, शंभराची?"

"आहे."

"ती घे. कुठल्याही एका शीटच्या नोट्समध्ये तुझ्या मनचं एक वाक्य घाल. त्यात शंभर हा आकडा हवा, पण त्याचा भिंतीशी काही संबंध नको. वाचणारा माणूस हसून सोडून देईल असं काहीतरी. मला दाखवू नकोस, कुणालाच दाखवू नकोस. मग त्यांना म्हण, गुरुजी, या प्रतीतल्या भिंती वळवा. ते अक्षरं ओळखतात ना? मग तुझं वाक्य ते सोडून देतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि सोडलं तर तू गप्प बसशील?"

"कायमची."

हे तिला फार आवडलं असावं, कारण ती लगेच टेबलाशी गेली. मी मुद्दाम लांब, खिडकीशी उभी राहिले. तिनं काहीतरी टाइप केलं आणि तिला एकदम हसू आलं. मग ती बुवांकडे गेली.

बुवा टाळाटाळ करू लागले. "आज हात जड आहे. एकदा वळलेलं अक्षर पुन्हा पुन्हा वळवू नये."

"गुरुजी, एकदाच," धाकटी म्हणाली. "ताईचं तोंड बंद होऊ दे एकदाचं."

हे सगळ्यांनाच हवं होतं. बुवांचा इलाज चालेना. कापड पसरलं गेलं, आम्ही भिंतीकडे वळलो, नळवाले पुटपुटू लागले, आणि थोड्या वेळात "झालं" असा आवाज आला.

"आता तूच वाच," मी धाकटीला म्हटलं. "मोठ्यानं."

तिनं ते शीट उघडलं. "आतल्या भिंतीची जाडी १५० मिमी," ती वाचू लागली. सगळ्यांनी समाधानानं श्वास सोडला. "बाहेरच्या भिंती आहेत तशा. सांडपाण्याच्या पाइपाचा व्यास १५० मिमी..."

"काय?" नळवाले पुढे आले. "पाइप दीडशे? शंभरचा आहे तो. मी कधी दीडशे केला?"

"कठड्याच्या उभ्या गजांमधलं अंतर..." धाकटी थांबली. तिचा आवाज बारीक झाला. "दीडशे."

या वेळी मी कॉम्प्युटरच्या जवळपासही नव्हते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग बुवांकडे.

"खाली आणखी एक ओळ आहे," साहेब म्हणाले. "ती वाच."

धाकटी लालबुंद झाली. "ती नको."

नळवाल्यांनी चष्मा लावला आणि त्यांनीच वाचली. "माझ्या ताईला १५० वेळा सांगितलं, माझ्या मागे लागू नकोस."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मलाही हसू आलं, जरी वाक्य माझ्यावरच होतं.

"तू काय लिहिलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

"शंभर वेळा," धाकटी म्हणाली.

बुवा मात्र डगमगले नाहीत. करुणेनं तिच्याकडे बघत म्हणाले, "बाळ, तू लिहिलंस शंभर, पण तुझ्या मनात दीडशेच होते. अक्षरानं तुझ्या मनातला खरा आकडा दाखवला."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही, पण मी तिला तिच्या पाळण्यापासून ओळखते आणि असा चेहरा तिचा पूर्वी बघितला नव्हता.

"नाही हो गुरुजी," ती म्हणाली. "शंभरसुद्धा मी उगाच लिहिले होते. मी ताईला तसं एकदाही सांगितलेलं नाही."

मी टेबलाशी गेले. बुवांनी कापड घडी करून बगलेत मारलं होतं, पण कॉम्प्युटर चालूच होता. मी फाइंड-रिप्लेसची चौकट उघडली. शेवटी जे टाइप केलं असेल ते या चौकटीत तसंच राहतं. वरच्या जागेत होतं १००, खालच्या जागेत १५०. बाकी काही नाही. भिंत नाही, जाडी नाही, नुसता आकडा. अक्षराची कूस म्हणतात ती एवढीच.

"पण फाइंड आपल्याकडे चालत नाही," नळवाले म्हणाले.

"का चालत नाही ते बघू या. आणि कुणी भिंतीकडे वळू नका, इकडेच बघा." जुनी प्रत पुन्हा उघडून मी वर लिहिलं, 'भिंतीची जाडी १०० मिमी'. बटण दाबलं. सापडले नाही. मग मी ती नोट उघडली आणि कर्सर 'जाडी' या शब्दाच्या शेवटी नेऊन ठेवला. "इथे कुणीतरी एंटर मारलाय. दिसतंय? 'भिंतीची जाडी' या ओळीवर, '१०० मिमी' खालच्या ओळीवर. आपल्याला ते एक वाक्य दिसतं. कॉम्प्युटरला मध्ये एक खूण दिसते, ओळ तोडल्याची. आपण बिनखुणेचं वाक्य शोधतो, ते त्याला कुठून सापडणार?"

"एंटर तर आपण सगळेच मारतो," धाकटी म्हणाली.

मारतोच. साहेबांच्या वडिलांना, थोरल्या साहेबांना, नोट्सच्या रकान्याची उजवी कड ओळंब्यात, अगदी सरळ उभ्या रेषेत लागायची. कॉम्प्युटरनं आपोआप तोडलेल्या ओळी त्यांना आवडत नसत, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी हातानं एंटर मारायचा हा इथला शिरस्ता. ते निवृत्त झाले, शिरस्ता राहिला. त्या शिरस्त्यानं आमची वाक्यं मधोमध तुटली होती, आणि तुटलेलं वाक्य सापडत नाही म्हणून फाइंड चालत नाही असं आम्ही धरून बसलो होतो. बुवांनी वाक्य शोधलंच नाही. त्यांनी त्यातला एक तुकडा शोधला, ज्याच्या मध्ये एंटर येऊच शकत नाही. आकडा. तो सापडला, सगळीकडे सापडला, भिंतीत, पाइपात, कठड्यात, आणि धाकटीच्या भांडणात. कॉम्प्युटरनं हुकमाप्रमाणे सगळीकडे बदलला.

मी नुसता आकडा टाकून बटण दाबलं. सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर सगळे शंभर दीडशे झाले. कापडाविना.

"एवढं सोपं होतं, तर तुम्ही का नाही केलंत, बाईसाहेब?" बुवा म्हणाले. आवाजातला खर्ज गेला होता. साधा, दुखावलेला माणूस बोलत होता.

हा प्रश्न मला अजून बोचतो. इतक्या वर्षांत कुणालाच न सुचलेली गोष्ट त्यांना सुचली होती. बुवांच्या बुद्धीवरही मी जळते, तुम्हाला म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी त्यांनी ती उघड्या स्क्रीनवर दाखवली असती तर आम्ही त्यांना डोक्यावर घेतलं असतं, आणि दहा जणांतल्या कुणीतरी लगेच म्हटलं असतं, अहो, पण कठड्याचं काय? युक्ती दाखवली की चार डोकी ती तपासतात. लपवली की तिच्यासोबत तिची चूकही लपते. बुवांना कठडा दिसला नाही कारण त्यांनी वाचलंच नव्हतं, आणि आम्हाला दिसला नाही कारण आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतो.

नळवाले खांदा चोळत आपल्या पाइपांची शीट शोधायला गेले होते. साहेब बुवांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावलं.

दुपारी साइटवरचा माणूस आला. खऱ्या फाइलीत मधल्या दिवसांत इतकं दुसरं काम झालं होतं की जुन्या प्रतीवर परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून कठड्याची आणि पाइपांची नोट हातानं दुरुस्त करून शीट पुन्हा छापली होती. गठ्ठा धाकटीच्या टेबलावर होता. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. आता ती माझ्याकडे वळेल, रडेल, ताई म्हणेल, याची मी वाट बघत होते. ही वाट मी किती दिवस बघत होते ते माझं मला ठाऊक.

"मी सही करू का?" मी विचारलं.

"चौकटीत नाव माझं छापलंय."

"मग तू कर. मी वाचलंय."

"सगळं?"

"सगळं."

तिनं पेन उचललं, आणि मग खाली ठेवलं. पहिलं शीट ओढून घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. साइटवरचा माणूस खुर्चीत चुळबुळला. मी तिला म्हटलं, अगं, तो खोळंबलाय. तिनं मान वर केली नाही. एकेक ओळ, एकेक आकडा. मला राग यायला लागला. बुवांचं कापडाखालचं चालतं आणि माझं डोळ्यांदेखत चालत नाही?

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या गजांमध्ये किती अंतर हवं?"

"शंभर."

तिनं शीट माझ्याकडे फिरवलं. दीडशे होते.

मी त्या शीटपर्यंत पोचलेच नव्हते. गॅलरीत बुवांची चूक सापडली, आणि मला हवं ते मिळालं होतं.

"तू वाचलंस म्हणून मी सही केली असती," धाकटी म्हणाली, "तर मग गुरुजींचा हात फिरला म्हणून करण्यात आणि यात फरक काय?"

ती रागानं बोलली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. ती पुन्हा माझी व्हावी म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला होता, आणि ती आता कुणाचीच नव्हती. माझ्या बहिणीचा मला हेवा वाटला. जळणारा माणूस चूक सापडेपर्यंत वाचतो. ती शेवटपर्यंत वाचत होती.

म्हणून तुम्हाला सांगते, कुणी भिंतीकडे तोंड करा म्हणालं तर करू नका, एवढं तर तुम्हाला कळतंच. पण मी वाचलंय, मी बघितलंय, तू फक्त मान डोलव असं तुमचं सख्खं माणूस म्हणालं, तरी स्वतः उघडून बघा. त्या माणसाला वाईट वाटेल. वाटू दे.

धाकटीनं खिडक्यांची नोट दुरुस्त केली, शीट नव्यानं छापून आणलं आणि उरलेला गठ्ठा वाचायला घेतला. साइटवरचा माणूस दोनदा बाहेर फेऱ्या मारून आला. शेवटचं शीट वाचून झाल्यावर तिनं सही केली.